लिनक्सची डिस्क टाकली तरी संगणक सुरू होत नाही? आधी डिस्क आणि प्रोसेसरची जोडी तपासा

गेली बारा वर्षं मी सोलापुरात जुने संगणक दुरुस्त करून त्यांवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम, बसवून देतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून विचारणारे बरेच वाढलेत. कारखान्यांची ऑफिसं, नवी पेठेतली दुकानं, कॉलेजची मुलं, सगळेच विचारतात. तक्रारही बहुतेक एकाच वळणाची असते. लोकांना वाटतं संगणक बिघडला, नाहीतर लिनक्सच खराब आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक संगणकांत दोन्ही धडधाकट होते. फक्त डिस्क एका जातीच्या प्रोसेसरची आणि संगणक दुसऱ्या जातीचा, एवढाच घोळ होता.

लक्षणं

तुमच्याकडे काय होतंय ते आधी नीट बघून ठेवा. पुढची अर्धी वाट त्यावरच ठरते.

डिस्क टाकली, संगणक बंद करून चालू केला, तरी नेहमीसारखं विंडोजच येतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यातून अण्णांचा फोन आला होता, "डिस्क घालतोय की, पण परत परत विंडोजच येतंय बघा." हे सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत दोन ओळी येतात आणि सगळं थांबतं. त्यांचा अर्थ असा: या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एक्स८६-६४ प्रोसेसर लागतो, इथे फक्त आय६८६ सापडला. ही ओळ दिसली तर तुमचं निदान झालंच म्हणून समजा. लगेच दुसऱ्या तपासणीकडे जा.

पेन ड्राइव्ह लावलाय, पण बूट मेनूत, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीत, त्याचं नावच नाही.

मेनू येतो, स्थापना सुरू होते आणि मध्येच अडकते. इथे एक गोष्ट टिपून ठेवा. दर वेळी एकाच ठिकाणी अडकतं, की दर वेळी वेगळ्या ठिकाणी?

शेवटचं लक्षण फसवं आहे. लिनक्स व्यवस्थित बसतं, चालतंही, पण क्रोम बसवायला गेलं की नकार. हाही जोडीचाच घोळ असतो, फक्त उशिरा कळतो.

हे का होतं

सोलापुरात हे समजावायला मला जॅकार्ड, म्हणजे मागावर नक्षी काढणारं यंत्र, बरं पडतं. चादरीवरची नक्षी कार्डांवरच्या भोकांत असते. ती कार्डं दोऱ्याने एकमेकांना गुंफून माळ करतात, आणि भोक असेल तिथला हूक उचलला जाऊन ताण्याचे धागे वर जातात. आता एका मापाच्या जॅकार्डसाठी छापलेली कार्डं दुसऱ्या मापाच्या जॅकार्डवर चढवा. नक्षी चांगली असते, मागही चांगला असतो, पण भोकं आणि हूक जुळत नाहीत म्हणून चादर निघत नाही. प्रोसेसरचं आर्किटेक्चर म्हणजे हे हुकांचं माप. डिस्कवरचा प्रोग्राम त्या मापालाच छापलेला असतो.

आपल्याला भेटणारी मापं मोजून तीन. पहिलं ३२ बिटचं इंटेल घराणं. डिस्कवर त्याचं नाव आय३८६ किंवा आय६८६ असं येतं, विंडोजवाले त्याला एक्स८६ म्हणतात. दुसरं ६४ बिटचं. त्याला डेबियन आणि उबुंटू ही लिनक्सची वितरणं, म्हणजे तयार रूपं, एएमडी६४ लिहितात, फेडोरा हे तिसरं वितरण एक्स८६-६४ लिहितं, मायक्रोसॉफ्ट एक्स६४. तिन्ही नावं एकाच गोष्टीची. तिसरं एआरएम, म्हणजे फोन, रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, २०२० नंतरचे ॲपलचे एम मालिकेतले संगणक. त्याच्या डिस्कवर एआरएम६४ किंवा एआर्च६४ असतं.

६४ बिटच्या प्रोसेसरवर ३२ बिटची डिस्क चालते. उलटं मात्र चालत नाही. आणि एआरएमचं या दोघांशी कुठल्याच बाजूने जमत नाही.

पहिली तपासणी: डिस्कच्या पोटात बघा

एक मिनिट लागतं, पैसे शून्य. डिस्क किंवा पेन ड्राइव्ह दुसऱ्या चालू संगणकात घाला आणि उघडा. आत एकच मोठी फाईल दिसली, जिच्या नावाच्या शेवटी आयएसओ आहे, तर डिस्क चुकीची बनली आहे. आयएसओ ही आख्ख्या डिस्कची घडी असते, ती उलगडून लिहावी लागते. नुसती कॉपी केली की डिस्कवर घडीच राहते आणि संगणकाला तिच्यात सुरू करण्यासारखं काही सापडत नाही. विंडोज ७ पासून फाईलवर उजवी कळ दाबली की डिस्क प्रतिमा बर्न करण्याचा पर्याय येतो, तो वापरा. पेन ड्राइव्हसाठी रूफस किंवा बलेना एचर हे प्रोग्राम.

अण्णांच्या कारखान्यात नेमकं हेच निघालं. मुलाने फाईल ओढून डीव्हीडीवर टाकली होती. एक कोरी डीव्हीडी आणि पंधरा मिनिटं, एवढ्यात काम झालं.

आत बरेच फोल्डर दिसले तर डिस्क नीट लिहिली गेली आहे. मग उघडलेलीच आहे तर तिला तिची जातही विचारून घ्या. ईएफआय नावाच्या फोल्डरमध्ये बूट नावाचा फोल्डर असतो. त्यात बूटएक्स६४ फाईल असेल तर डिस्क ६४ बिटच्या संगणकांची. बूटएए६४ असेल तर एआरएमची, तुमच्या डेस्कटॉपवर ती चालायची नाही. बूटआयए३२ चं काय करायचं ते पुढे येतंच. डेबियन आणि उबुंटूच्या डिस्कवर आणखी सोपी खूण आहे. नावाची सुरुवात टिंबाने होणारा डिस्क नावाचा फोल्डर शोधा आणि त्यातली इन्फो फाईल नोटपॅडमध्ये उघडा. एकाच ओळीत आवृत्ती आणि आर्किटेक्चर लिहिलेलं असतं. डिस्कवर मार्करने कुणी काय लिहिलंय त्यापेक्षा या ओळीवर विश्वास ठेवा. मार्करने चुकीचं लिहिलेल्या डिस्क मी कितीतरी पाहिल्यात.

दुसरी तपासणी: प्रोसेसरचं पूर्ण नाव

हीच खरी तपासणी. डाउनलोड करण्याआधी लोकांनी ही एवढी केली तरी माझ्याकडचं निम्मं काम कमी होईल.

विंडोज चालू होत असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट. तिथे सिस्टीम टाइप अशी ओळ असते. ती पूर्ण वाचा. "३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४ आधारित प्रोसेसर" असं असेल तर विंडोज ३२ बिटचं बसवलेलं आहे, पण प्रोसेसर ६४ बिटचा आहे. लोक पहिला शब्द वाचतात, "आपला ३२ बिट आहे" म्हणतात आणि जुनी डिस्क शोधत बसतात. ओळीचा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे.

लिनक्स चालू होत असेल तर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून एल, एस, सी, पी, यू ही पाच अक्षरं सलग, सगळी लहान लिपीत टाइप करून एंटर दाबा. वरच्या ओळींतच ऑप-मोड अशी एक ओळ येते. तिथे ३२ बिट आणि ६४ बिट दोन्ही लिहिलं असेल तर प्रोसेसर ६४ बिटचा. यूनेम ही आज्ञा यासाठी वापरू नका. ती चालू असलेल्या कर्नलची जात सांगते, प्रोसेसरची नाही.

काहीच चालू होत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज येण्याआधीच्या सेटिंगच्या पानांत, जा. पहिल्याच पानावर प्रोसेसरचं नाव सापडतं.

नावावरून ओळखताना काही जागी पाय घसरतो. कोअर २ ड्युओ ६४ बिट आहे, पण नुसता कोअर ड्युओ ३२ बिट. दोन्ही २००६ मध्येच आले, मधला तो २ चा आकडा सगळं ठरवतो. पेंटियम ४ मध्ये दोन्ही प्रकार आहेत. ६०० च्या मालिकेतले ६४ बिट, सुरुवातीचे ३२ बिट. २००८ च्या सुमाराचे छोटे नेटबुक ज्या ॲटम एन२७० वर चालायचे तो ३२ बिट, त्यानंतरचा एन४५० मात्र ६४ बिट. आय३, आय५, आय७ लिहिलेलं काहीही असो, ६४ बिटच.

आता तो नेहमीचा गैरसमज. साखर पेठेतला एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. आय५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम, त्यावर ३२ बिटचं डेबियन. क्रोम बसत नाही म्हणून वैतागलेला. मी विचारलं, ही डिस्क का निवडलीस? म्हणाला, "दादा, लॅपटॉपवर इंटेल लिहिलंय, मग एएमडीची फाईल कशी चालेल?"

त्याचा प्रश्न रास्त होता. नावच तसं आहे. जुन्या ३२ बिटच्या घराण्याला ६४ बिटची जोड एएमडी कंपनीने दिली आणि एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन हा तसा पहिला प्रोसेसर बाजारात आणला. इंटेल त्या वेळी इटॅनियम नावाच्या वेगळ्याच ६४ बिटच्या वाटेने चाललं होतं. २००४ मध्ये इंटेलनेही एएमडीचीच रचना आपल्या प्रोसेसरमध्ये घेतली, पण डिस्कवर नाव पहिल्याचं राहिलं. तेव्हा एएमडी६४ म्हणजे इंटेल आणि एएमडी दोघांच्याही ६४ बिटच्या संगणकांची डिस्क. उलट एखाद्या जुन्या डिस्कवर आयए६४ दिसलं तर ती इटॅनियमची. इंटेलची आहे, ६४ पण आहे, म्हणून ती घेऊ नका. तुमच्या घरात तो प्रोसेसर नाही.

त्या मुलाचं क्रोम का बसत नव्हतं? गूगलने मार्च २०१६ मध्येच ३२ बिटच्या लिनक्ससाठी क्रोम देणं थांबवलं. त्याला एएमडी६४ ची डिस्क करून दिली, संध्याकाळपर्यंत सगळं बसलं.

प्रोसेसर खरोखरच ३२ बिटचा निघाला तर काय? पर्याय उरलेत, पण थोडे. फेडोराने २०१९ मध्ये ३१ व्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या डिस्क बंद केल्या. डेबियन १२ मध्ये ३२ बिटची स्थापना डिस्क होती, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ती नाही. अँटीएक्स २३ या छोट्या वितरणाची ३२ बिटची डिस्क मी अशा संगणकांवर वापरतो, हलकी आहे. पण स्पष्ट सांगतो, या संगणकावर आजच्या वेबसाइट उघडण्याची अपेक्षा ठेवू नका. हिशोब लिहायला, पत्रं छापायला, मुलांना टायपिंग शिकवायला ठीक. त्यासाठी पैसे घालून रॅम वाढवण्यापेक्षा कुणाचा वापरलेला ६४ बिटचा संगणक घ्या.

रास्पबेरी पाय घेतलेल्यांसाठी एवढंच, की त्याला आयएसओ डिस्क लागतच नाही. त्याची प्रतिमा थेट एसडी कार्डवर लिहायची असते.

तिसरी तपासणी: कुठली डिस्क डाउनलोड केली

डेबियनच्या पानावर डिस्कची रांग बघून नवा माणूस गांगरतो. नेटइन्स्ट म्हणजे छोटी डिस्क, बाकी सगळं इंटरनेटवरून ओढते. डीव्हीडीच्या संचातली फक्त पहिली पुरते. पुढच्या डिस्क इंटरनेट नसलेल्या जागी लागतात. सोर्स लिहिलेली डिस्क प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी असते, तिच्यावरून काही बसत नाही. लाइव्ह डिस्क मात्र नवख्याने जरूर घ्यावी. हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स चालवून बघता येतं, वायफाय आणि आवाज चालतोय का ते आधीच कळतं.

मापही बघा. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतं. उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप फाईल ५ जीबीच्या वर आहे, ती त्यात बसणार नाही. तिच्यासाठी पेन ड्राइव्हच हवा. आणि जुन्या संगणकातल्या ड्राइव्हच्या तोंडावर डीव्हीडी असं छापलंय का तेही पाहून घ्या. सीडीच्या ड्राइव्हला डीव्हीडी वाचता येत नाही, आणि तो तसं सांगतही नाही, नुसता गरगर फिरतो.

चौथी तपासणी: बूट मेनू आणि तो छोटा सेल

डिस्क बरोबर आहे, जोडी जुळते, तरी विंडोजच येतंय? संगणक चालू करताच बूट मेनूची कळ टिचकवत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. मेनूतून डिस्क निवडा. बायोसमधला कायमचा क्रम बदलायची गरज नाही.

बायोसमध्ये क्रम बदलला आणि दुसऱ्या दिवशी परत होता तसा झाला, तर घड्याळ बघा. तारीख बरीच मागची दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. पन्नास रुपयांच्या आतलं काम. डेस्कटॉप असेल तर वीज काढून स्वतः बदलता येतो. या सेलकडे दुर्लक्ष केलं तर पुढे आणखी एक कोडं पडतं. तारीख मागची असली की लिनक्सला इंटरनेटवरची सुरक्षा प्रमाणपत्रं खोटी वाटतात आणि स्थापनेत डाउनलोड नाकारलं जातं. माणूस नेटवाल्याशी भांडतो आणि दोष त्या सेलचा असतो.

पाचवी तपासणी: फाईल पूर्ण आली का, डिस्क नीट लिहिली का

दर वेळी एकाच ठिकाणी अडकत असेल तर डाउनलोडवर संशय घ्या. डाउनलोडच्या पानावर फाईलशेजारी एसएचए२५६ नावाची ६४ अक्षरांची ओळ दिलेली असते. विंडोजमध्ये सर्टयुटिल आणि लिनक्समध्ये एसएचए२५६सम ही आज्ञा तुमच्या फाईलची तशीच ओळ काढून देते. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाईल परत डाउनलोड करा, त्याला इलाज नाही.

ओळ जुळली तर नवी डीव्हीडी घ्या आणि कमी वेगात लिहा, ४एक्स किंवा ८एक्स. जुन्या ड्राइव्हना घाईत लिहिलेल्या डिस्क वाचायला त्रास होतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क त्यांना आणखीनच जड जातात.

मागांच्या शेडला लागून असलेल्या ऑफिसांत एक वेगळीच भानगड असते. ड्राइव्हचा खण उघडून टॉर्च मारली तर भिंगाभोवती सुताची बारीक लव साचलेली दिसते, राखाडी, कापसासारखी. हवा मारायचा छोटा फुगा मिळतो, त्याने ती उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे भिंगावर वाळतात. तरीही वाचत नसेल तर ड्राइव्ह सोडा, पेन ड्राइव्हकडे वळा. त्याच्या मागे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

सहावी तपासणी: ६४ बिटचा प्रोसेसर, ३२ बिटचं दार

पेन ड्राइव्ह मेनूतच दिसत नाही, आणि संगणक छोटा टॅब्लेटसारखा स्वस्त लॅपटॉप आहे, तर हे वाचा. ॲटम झेड३७३५एफ सारखे प्रोसेसर स्वतः ६४ बिटचे आहेत, पण त्या यंत्रांमधलं यूईएफआय, म्हणजे चालू होताना डिस्क शोधणारा भाग, ३२ बिटचा आहे. त्याला बूटआयए३२ हीच फाईल हवी असते. डिस्कवर ती नसेल तर त्याच्या लेखी पेन ड्राइव्ह कोराच. दोन्ही फाईली असलेली डिस्क निवडा.

नव्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेली डिस्क सुरू होऊ न देणारं कुलूप, आडवं येऊ शकतं. उबुंटू, फेडोरा, डेबियन ते चालू असतानाही बसतात, काही छोटी वितरणं बसत नाहीत. ते बंद करण्याआधी मात्र थांबा. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे हार्ड डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय, चालू असेल तर हा बदल केल्यावर ते रिकव्हरी की मागू शकतं. ४८ आकड्यांची ती की आधी कागदावर उतरवून घ्या. ती हाती नसेल तर सिक्युअर बूटला हात लावू नका.

सातवी तपासणी: रॅम

दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकतंय, डिस्कही बदलून झाली, तर रॅम तपासा. बऱ्याच डिस्कच्या मेनूत मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम असतो. रात्रभर चालू ठेवा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलके पुसा, परत बसवा, परत तपासा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा म्हणजे दोषी कोणती ते कळेल.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर संगणक त्याच क्षणी बंद करा. परत चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी चालू केल्यावर आतली माहिती आणखी खरवडली जाते.

संगणकात टॅलीचा हिशोब, जीएसटीची कागदं, मुलीच्या लग्नाचे फोटो असं काही आहे आणि दुसरीकडे प्रत नाही, तर स्थापनेतल्या डिस्क वाटणीच्या, म्हणजे पार्टिशनच्या, पानापुढे जाऊ नका. मी स्वतःही प्रत हातात आल्याशिवाय ते पान ओलांडत नाही.

एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहतो. जळका वास, मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर, लॅपटॉपची फुगलेली बॅटरी, यातलं काहीही दिसलं तर वीज काढा आणि दुकान गाठा. बायोस अपडेट करायचा सल्ला कुणी दिला तरी तोही घरी करू नका. मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी वीज कधी जाईल याचा भरवसा नाही.

कारागिराला फोन करताना प्रोसेसरचं पूर्ण नाव, डाउनलोड केलेल्या फाईलचं पूर्ण नाव आणि जिथे अडकतं त्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो हाताशी ठेवा. हे तिन्ही मिळालं की मला पुष्कळदा संगणक बघायलाही जावं लागत नाही, फोनवरच कुठली डिस्क आणायची ते सांगता येतं.